स्वतःच्या धंद्यासाठी डीबीएस: कोणतं काढायचं आणि कोणतं मागूच नये

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीन वर्षांपूर्वी नाशिकहून डिपेंडंट व्हिसावर इंग्लंडमध्ये रेडिंगला आलात. संध्याकाळी घरी मुलांना मराठी आणि गणित शिकवता. शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये मोठ्या माणसांचा योगवर्ग घेता. जवळच राहणाऱ्या एका आजोबांकडे आठवड्यातून काही दिवस मदतीला जाता आणि त्याचे पैसे त्यांचा पुण्यातला मुलगा पाठवतो. शिवाय वीकेंडला डबे. जो तो विचारतो, ‘डीबीएस आहे का?’, म्हणजे डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस या सरकारी संस्थेचं, तुमच्या नावावर गुन्हे आहेत का हे तपासून दिलेलं सर्टिफिकेट. कुणी म्हणतं बेसिक पुरे, कुणी म्हणतं एन्हान्स्डच हवं, आणि एक वेबसाइट ‘सगळ्यात वरचं’ भरमसाट पैसे घेऊन चोवीस तासांत द्यायला तयार आहे. एकच काढून सगळीकडे चालवता येईल का? आणि पुढच्या वर्षी ग्लासगोला गेलात तर तेच चालेल का?

मी इंग्लंडमध्ये एका अंब्रेला बॉडीत, म्हणजे इतरांच्या वतीने डीबीएसचे अर्ज पाठवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेत, काउंटरसिग्नेटरी आहे. म्हणजे अर्ज डीबीएसकडे जाण्याआधी, ‘या कामासाठी ही पातळी कायद्याने मागता येते’ यावर सही करणारा माणूस. माझ्याकडे येणारे बहुतेक स्वयंरोजगारवाले एकच चूक करून येतात. ते स्वतःची ओळख सांगतात: मी शिक्षिका, मी योगगुरू, मी केअरर. मला ओळखीशी कर्तव्य नाही. पातळी ठरते ती कामावरून: कोणासाठी, नेमकं काय, किती वेळा आणि कोणाच्या देखरेखीखाली. तुमची चार कामं आहेत आणि त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत.

आधी पातळ्या पटकन सांगतो. बेसिकमध्ये फक्त ‘अनस्पेंट’ शिक्षा दिसतात, म्हणजे १९७४ च्या रिहॅबिलिटेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टप्रमाणे ज्यांची मुदत अजून संपलेली नाही अशा शिक्षा आणि कंडिशनल कॉशन (पोलिसांनी अटी घालून दिलेली ताकीद). हे सोळा वर्षांवरचा कुणीही स्वतः, कुठल्याही कारणासाठी, सरकारी वेबसाइटवरून काढू शकतो. स्टँडर्डमध्ये जुन्या, मुदत संपलेल्या गोष्टीही येतात, पण ते ठरावीक व्यवसायांपुरतं आहे. चार्टर्ड अकाउंटंट, वकील वगैरे. तुमचा त्याच्याशी संबंध नाही. एन्हान्स्डमध्ये त्याच्या जोडीला स्थानिक पोलिसांना ‘हे कळायलाच हवं’ वाटेल अशी माहिती येऊ शकते, शिक्षा झालेली नसली तरी. आणि एन्हान्स्ड विथ बार्ड लिस्ट म्हणजे त्यावर आणखी एक तपासणी: मुलांसोबत किंवा असहाय प्रौढांसोबत काम करायला ज्यांना बंदी आहे त्यांच्या यादीत तुमचं नाव आहे का. याद्या दोन आहेत, मुलांची वेगळी आणि प्रौढांची वेगळी. एक तपासली म्हणजे दुसरी आपोआप तपासली जात नाही.

आता तुमच्या गोंधळाचं खरं कारण. अगदी परवापरवापर्यंत स्वतःचा धंदा करणाऱ्याला एन्हान्स्ड स्वतःहून काढताच येत नव्हतं. कायद्याची रचना अशी होती की ‘हा माणूस या कामाला योग्य आहे का’ हे विचारणारी कुणीतरी संस्था हवी: शाळा, एजन्सी, काउन्सिल. स्वतःच स्वतःबद्दल कसं विचारणार? त्यामुळे खासगी शिकवणी घेणाऱ्याकडे आईवडिलांना दाखवायला फक्त बेसिक असायचं. यातली मेख अशी की बार्ड लिस्टवर नाव जायला कोर्टाची शिक्षा व्हावीच लागते असं नाही. एखाद्याला नोकरीवरून काढल्यानंतर संस्थेने डीबीएसला कळवलं आणि चौकशीअंती बंदी आली, तर त्याचं बेसिक कोरं करकरीत निघायचं आणि तो शेजारच्या घरात चौथीतल्या मुलाला गणित शिकवत असायचा. सायमन बेली या माजी पोलीसप्रमुखांनी २०२३ मध्ये या सगळ्या यंत्रणेचा जो स्वतंत्र आढावा दिला, त्यात ही भोकं बुजवा असं स्पष्ट म्हटलं होतं. नियम बदलले आणि २१ जानेवारी २०२६ पासून स्वयंरोजगारवाल्यांना, तसंच एखाद्या कुटुंबाने थेट कामावर ठेवलेल्यांना, अंब्रेला बॉडीमार्फत एन्हान्स्ड मागता येतं. काम पात्र असेल तरच, हे मात्र तेव्हाही होतं आणि आताही आहे. इंटरनेटवर ‘सेल्फ-एम्प्लॉइड असाल तर फक्त बेसिक’ असं सांगणारी पानं अजून ढिगाने पडलेली आहेत. तुम्हाला ‘बेसिक पुरे’ म्हणणाऱ्या मैत्रिणीने बहुधा त्यातलंच एखादं वाचलं असणार. ती खोटं बोलत नाही, जुनं बोलते आहे.

तर पहिलं काम, शिकवणी. अठरा वर्षांखालच्या मुलांना शिकवणं, आठवड्यातून एकदा किंवा जास्त, किंवा तीस दिवसांत चार दिवस, आणि तेही दुसऱ्या कुणा जबाबदार व्यक्तीच्या रोजच्या देखरेखीशिवाय, ही ‘रेग्युलेटेड ॲक्टिव्हिटी’ आहे. २००६ च्या सेफगार्डिंग व्हल्नरेबल ग्रुप्स ॲक्टमधली ही संज्ञा, आणि सगळं घोडं इथेच पेंड खातं. तुमची शिकवणी यात सरळ बसते. म्हणून एन्हान्स्ड, मुलांच्या बार्ड लिस्टसह. मुलाची आई स्वयंपाकघरात बसलेली असते म्हणून ती ‘देखरेख’ होत नाही. कायद्याला अपेक्षित देखरेख ही स्वतः अशाच कामात असलेल्या माणसाची असते. वर्ग ऑनलाइन घेतलात तरी शिकवणं ते शिकवणंच. बंदी असलेल्या माणसाने हे काम केलं तर तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही, पण आईवडील एवढे का विचारतात ते यावरून कळेल.

इथे तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती मला तुमच्या पत्रातल्या एका ओळीत दिसली. तुम्ही लिहिलंय, ‘धाकटी दोघं आई ऑफिसातून येईपर्यंत माझ्याकडेच थांबतात, खाऊनपिऊन जातात.’ त्यांची वयं तुम्ही दिलेली नाहीत. आठ वर्षांखालच्या मुलाला त्याच्या घराबाहेर, म्हणजे तुमच्या घरी, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त पैसे घेऊन सांभाळलं तर इंग्लंडमध्ये ते चाइल्डमाइंडिंग ठरू शकतं. मग हा विषय माझ्या टेबलावरचा राहत नाही, ऑफस्टेडच्या, म्हणजे शाळा आणि पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नोंदणीचा होतो. तिथे डीबीएसही ऑफस्टेडच्या ठरलेल्या मार्गानेच काढावं लागतं, आणि घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाचं लागतं. तुमच्या मिस्टरांचं आणि सहा महिने राहायला येणाऱ्या सासूबाईंचंसुद्धा. भाषा शिकवणं, गृहपाठ करून घेणं अशा गोष्टींना मोठ्या मुलांच्या बाबतीत सूट मिळते, पण पाच वर्षांखालचं पोर असेल तर त्या सुटीवर विसंबू नका. आधी ऑफस्टेडला विचारा, मग माझ्याकडे या. उलट क्रमाने आलात तर पैसे दोनदा जातील.

आणि तुम्ही एखाद्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवत असाल तर तिथे तुम्ही ‘स्वयंरोजगार’ नाहीच, मंडळ ही संस्था आहे. मंडळानेच अर्ज सुरू करायचा. तुम्ही फुकट शिकवत असाल, म्हणजे फक्त प्रवासखर्च आणि पदरचे पैसे परत मिळत असतील, तर डीबीएसची फी माफ असते. पण ते स्वयंसेवकाचं सर्टिफिकेट आणून घरच्या शिकवणीच्या पालकांना दाखवायचं, हे चालणार नाही. फी माफ करून मिळालेल्या तपासणीवर घेतलेली अपडेट सर्व्हिसची (सर्टिफिकेट छापल्यानंतर काही बदललंय का हे ऑनलाइन बघायची सोय) मोफत वर्गणी पगारी कामाला वापरता येत नाही. मंडळी हे सर्रास करतात आणि मला दर वेळी नाही म्हणावं लागतं.

दुसरं काम, योगवर्ग. इथे बेसिक, बस्स. हॉलच्या कमिटीने एन्हान्स्ड मागितलं तरी बेसिकच. तुमच्या वर्गात सत्तरीच्या बायका येतात म्हणून ते असहाय ठरत नाहीत. २०१२ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून प्रौढांच्या बाबतीत माणसाच्या वयाकडे किंवा पत्त्याकडे न बघता त्याच्यासाठी काय केलं जातं हे बघतात, आणि सूर्यनमस्कार शिकवणं त्या यादीत नाही. कुणी सोळा वर्षांची मुलगी आईबरोबर येऊन बसली तर काय, असंही तुम्ही विचारलंय. वर्ग मोठ्यांसाठी असेल आणि एखादं मूल ओघाने येत असेल तर त्याने काम बदलत नाही. ‘किड्स योगा’ म्हणून वेगळी बॅच काढलीत की बदललं.

कमिटी हटून बसली तर? बसू द्या, पण त्यांना नम्रपणे सांगा की पात्र नसलेल्या कामाला वरची पातळी मागणं बेकायदेशीर आहे. ज्या माणसाची जुनी शिक्षा कायद्याने मिटलेली आहे, तिला उकरून काढायचा हक्क त्यांना नाही. मी यात फार कडवा आहे. ‘वरचं घेतलं तर बिघडलं कुठे, जास्तच सुरक्षित ना?’ असं सगळे म्हणतात. बिघडतं ते त्या दुसऱ्या माणसाचं, ज्याने विशीत काहीतरी केलं, दंड भरला आणि आता पन्नाशीत तो हॉलमध्ये तबला शिकवतोय, तोही मोठ्या माणसांना.

तिसरं काम, आजोबा. हे सगळ्यात गुंतागुंतीचं, म्हणून जरा सविस्तर. तुम्ही लिहिता: पोळी-भाजी करून देते, घर आवरते, गप्पा मारते, टेस्कोतून सामान आणते, त्यांच्या कार्डाने बिलं भरते, आणि आता गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आंघोळीला मदत करते.

स्वयंपाक, आवराआवर, गप्पा यातलं काहीच रेग्युलेटेड ॲक्टिव्हिटी नाही. पण आजारपणामुळे, वयामुळे किंवा अपंगत्वामुळे स्वतःला जमत नाही म्हणून कुणाला आंघोळ घालणं, कपडे घालणं, संडासला नेणं, घास भरवणं ही वैयक्तिक निगा झाली, आणि ती एकदा केली तरी पुरते. मुलांना शिकवण्याच्या बाबतीत आठवड्याचा हिशेब आहे, इथे तो नाही. बारीक रेघ कुठे आहे बघा: ताट वाढून समोर ठेवलंत तर रेघेच्या अलीकडे, हात थरथरतो म्हणून घास तोंडात दिलात की पलीकडे. त्याचप्रमाणे त्याच कारणांमुळे त्यांचे पैसे हाताळणं, बिलं भरणं, त्यांच्यासाठी खरेदी करणं हेही यादीत आहे. म्हणजे आंघोळीचा विषय निघण्याआधीच, टेस्कोच्या फेरीत आणि गॅसच्या बिलात तुम्ही पात्र झालेल्या आहात. उत्तर: एन्हान्स्ड, प्रौढांच्या बार्ड लिस्टसह.

हेच तुम्ही शेजारधर्म म्हणून, एक पैसा न घेता केलं असतं तर यातलं काहीही लागलं नसतं. कुटुंबातली आणि मैत्रीतली, पैशांविना चाललेली मदत कायद्याने बाहेर ठेवली आहे. पण त्यांचा मुलगा महिन्याला पैसे पाठवतो. तिथे ‘अहो ते आमच्या वडिलांसारखे’ हे कितीही खरं असलं तरी उपयोगी पडत नाही. आणि वैयक्तिक निगा हा धंदा म्हणून एकाहून जास्त घरी करायला लागलात तर केअर क्वालिटी कमिशनची (आरोग्य आणि निगेच्या सेवांवर देखरेख करणारी संस्था) नोंदणी लागते का, हा डीबीएसपेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो. तो त्यांच्याकडूनच सोडवून घ्या.

चौथं, डबे. डीबीएस लागत नाही. धंदा सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी काउन्सिलकडे फूड बिझनेस म्हणून नोंद करायची असते, ती फुकट आहे. केली नसेल तर आजच करा.

म्हणजे तुम्हाला दोन गोष्टी लागतात: मुलं आणि प्रौढ दोघांसाठी एन्हान्स्ड, दोन्ही याद्यांसह, आणि योगवर्गाच्या हॉलसाठी बेसिक. एन्हान्स्डच्या अर्जात ‘वर्कफोर्स’ नावाची एक नोंद असते: चाइल्ड, ॲडल्ट, चाइल्ड अँड ॲडल्ट, किंवा अदर. सर्टिफिकेट छापून आल्यावर ती बदलत नाही. म्हणून अंब्रेला बॉडीला पहिल्याच फोनमध्ये शिकवणी आणि आजोबा, दोन्ही सांगा आणि एका अर्जात बसतं का दोन लागतील हे त्यांना ठरवू द्या. नुसतं ‘मी ट्यूटर आहे’ म्हणालात तर प्रौढांची यादी तपासलीच जाणार नाही. असं अर्धवट सर्टिफिकेट घेऊन आलेली माणसं मी नेहमी बघतो. कागदावर नीट वाचलं तर दिसतं: मुलांच्या बार्ड लिस्टपुढे ‘नन रेकॉर्डेड’ आणि प्रौढांच्या यादीपुढे ‘नॉट रिक्वेस्टेड’. पहिल्याचा अर्थ, बघितलं, काही नाही. दुसऱ्याचा अर्थ, बघितलंच नाही. आजोबांच्या मुलाला पुण्यात फोटो पाठवला तर तो ‘एन्हान्स्ड’ शब्द वाचून निश्चिंत होईल, आणि त्यात तुमच्या कामाचं काहीच नसेल.

त्या चोवीस तासांच्या वेबसाइटबद्दल. बेसिक आणि स्टँडर्डची सरकारी फी डिसेंबर २०२४ पासून २१ पौंड ५० पेन्स आहे, एन्हान्स्डची ४९ पौंड ५० पेन्स. त्यावर अंब्रेला बॉडी आपला खर्च लावते, तो प्रत्येकाचा वेगळा, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. पण जास्त पैसे भरले म्हणून डीबीएस कुणाची फाइल वर काढत नाही. एन्हान्स्ड तर ज्या ज्या पोलीस दलाच्या हद्दीत राहिलात तिथे फिरून येतं, ते किती दिवसांत येईल हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. अंब्रेला बॉडी सरकारी यादीत आहे का ते बघा. आणि माझी एक साधी कसोटी: त्यांनी तुम्हाला कामाबद्दल खोदून प्रश्न विचारले पाहिजेत. किती मुलं, कोणत्या वयाची, कोण हजर असतं, आजोबांना नेमकी कोणती मदत. काहीही न विचारता फक्त कार्ड नंबर मागत असतील तर तिथून उठा.

आता अर्ज भरण्याचं. आपल्या लोकांचे अर्ज अडकतात ते गुन्ह्यांमुळे नाही, नावांमुळे. डीबीएसला तुमचं आजवरचं प्रत्येक नाव तारखांसकट लागतं, आणि मराठी बाईची नावं मोजायला बसलं की फॉर्म पुरत नाही. माहेरचं आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत पहिलं नावही बदलतं. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव पुढे बँकेत, रेशनकार्डावर, नोकरीत वापरलं असेल तर तेही लिहायचं. तांदळातच राहिलं असेल, कुठल्या कागदावर आलंच नसेल आणि कुणी त्या नावाने ओळखत नसेल, तर सोडा. दुसरी गंमत पासपोर्टची: पुष्कळांच्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव एकत्र असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त स्वतःचं, आणि बँकेत आद्याक्षर. अर्जात पासपोर्टाप्रमाणे लिहा आणि बाकीची रूपं ‘इतर नावं’ म्हणून द्या. लपवण्यासारखं काही नसतानाही एखादं नाव गाळलं की ते लपवल्यासारखं दिसतं.

पत्ते मागच्या पाच वर्षांचे, एकही महिना रिकामा न सोडता. तुमच्या बाबतीत त्यात नाशिकचा पत्ता येणारच, आणि इथे आल्यावर पहिले काही आठवडे दिरांकडे राहिलात तर तोही. ओळखीसाठी पासपोर्ट, लायसन्स, आणि पत्त्यासाठी तीन महिन्यांच्या आतलं बँक स्टेटमेंट किंवा गेल्या बारा महिन्यांतलं काउन्सिल टॅक्सचं पत्र. मोबाइलचं बिल चालत नाही. दर आठवड्याला कुणीतरी तेच घेऊन येतं.

नाशिकचा पत्ता लिहिला म्हणून डीबीएस नाशिक पोलिसांना विचारत नाही. परदेशातल्या नोंदी त्यांना दिसत नाहीत. तुमचं आयुष्य बहुतांश भारतात गेलं, त्यामुळे तुमचं एन्हान्स्ड कितीही कोरं आलं तरी ते प्रत्यक्षात तीन वर्षांबद्दल बोलतं. कायद्याने स्वयंरोजगारवाल्याला भारतीय पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट सक्तीचं नाही. तरीही माझं मत विचारलंत तर काढा. इथून भारतीय हाय कमिशनसाठी अर्ज गोळा करणाऱ्या व्हीएफएस कंपनीमार्फत अर्ज करता येतो, किंवा भारतात गेलात तर पासपोर्ट सेवेतून. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पोलीस पडताळणी तिथेच घुटमळते, म्हणून आधी तो बघा. आजोबांच्या मुलाला हा कागद डीबीएसपेक्षा लवकर समजेल, कारण त्याने तो स्वतः कधीतरी काढलेला असेल. आणि तुम्ही पुढे एखाद्या शाळेत किंवा केअर होममध्ये नोकरीला गेलात तर ते मागतीलच. तुमच्या ओळखीत कुणी नव्याने स्किल्ड वर्कर व्हिसावर शिक्षण किंवा आरोग्याच्या कामाला येत असेल, तर अठरा वर्षांनंतरच्या काळात, गेल्या दहा वर्षांत जिथे बारा महिने किंवा जास्त राहणं झालं त्या प्रत्येक देशाचं असं सर्टिफिकेट व्हिसाच्या अर्जालाच जोडावं लागतं.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर, डिपेंडंट म्हणून तुम्हाला स्वतःचा धंदा करता येतो. पण तुमचा चुलतभाऊ स्टुडंट व्हिसावर आहे आणि त्यालाही शिकवण्या सुरू करायच्या आहेत असं लिहिलंय. त्याला स्वयंरोजगार करताच येत नाही. त्याने डीबीएसवर पैसे घालू नयेत.

अकरो या ब्रिटिश पोलिसांच्या नोंदी देणाऱ्या कार्यालयाच्या सर्टिफिकेटबद्दलही विचारलंत. ते इथून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी, व्हिसाकरता असतं. ब्रिटनमधल्या कामासाठी ते डीबीएसच्या जागी चालत नाही.

मिस्टरांची ती दारू पिऊन गाडी चालवल्याची केस. मुलांना शिकवता तुम्ही, डीबीएस तुमचं. त्यात त्यांचं काही येणार नाही. ऑफस्टेडचा रस्ता धरलात तर मात्र त्यांचंही निघेल. दारू पिऊन गाडी चालवणं ही इथे कोर्टातली शिक्षा आहे आणि लायसन्सवरच्या शेऱ्यामुळे ती प्रौढांच्या बाबतीत पाच वर्षं ‘अनस्पेंट’ राहते, म्हणजे तोवर बेसिकमध्येही दिसते. स्पीड कॅमेऱ्याचा फिक्स्ड पेनल्टी दंड ही शिक्षा नव्हे, तो येत नाही. पोलिसांनी दिलेला साधा कॉशन लगेच ‘स्पेंट’ होतो, म्हणून बेसिकमध्ये नसतो. प्रौढाला मिळालेला असेल तर एन्हान्स्डमध्ये सहा वर्षं येतो, आणि ठरावीक गंभीर गुन्ह्यांचा असेल तर त्यानंतरही. सर्टिफिकेटवर काही आलं म्हणजे काम बंद असा अर्थ नाही. बंदी फक्त बार्ड लिस्टवर नाव असलेल्यालाच असते, बाकीचं समोरच्याने बघून ठरवायचं.

एन्हान्स्ड हातात आलं की त्यावर छापलेल्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत अपडेट सर्व्हिसला नाव नोंदवा. वर्षाला १६ पौंड. मुदत चुकली तर पुन्हा पूर्ण अर्ज. नोंद असेल तर उद्या एखाद्या शाळेला त्याच पातळीचं, त्याच वर्कफोर्सचं काम करायचं झालं तर ते तुमच्या परवानगीने ऑनलाइन बघू शकतात की छापल्यानंतर काही बदललंय का. बेसिकला ही सोय नाही. सर्टिफिकेटवर ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ असं काही लिहिलेलं नसतं, तीन वर्षांनी नवीन काढायची पद्धत आहे ती लोकांनी पाडलेली. आणि प्रत फक्त तुमच्या घरी येते, म्हणून पाकीट जपून ठेवा. पालकांना मूळ कागद हातात द्या, सोबत पासपोर्ट दाखवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका. त्यावर जन्मतारीख, पत्ता आणि सर्टिफिकेट नंबर तिन्ही असतात.

तुमच्या मैत्रिणींसाठी झटपट: साफसफाई, इस्त्री, शिवणकाम, कुत्र्यांना फिरवणं, लग्नाचे फोटो, प्लंबिंग यांना बेसिकच्या वर काही नाही. टॅक्सी चालवायची असेल तर लायसन्स देणारी काउन्सिल एन्हान्स्ड दोन्ही याद्यांसह मागते आणि दर सहा महिन्यांनी अपडेट सर्व्हिसवर बघते. ड्रायव्हिंग शिकवायचं असेल तर डीव्हीएसए (ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेणारी सरकारी संस्था) सांगेल तसं करा, स्वतःच्या अकलेने आधी काढून बसू नका.

राहिलं ग्लासगो. डीबीएस इंग्लंड आणि वेल्सपुरतं. उत्तर आयर्लंडमध्ये ॲक्सेस एनआय, स्कॉटलंडमध्ये डिस्क्लोजर स्कॉटलंड. तिकडे पातळ्यांची नावं वेगळी आणि नियम कडक. मुलांसोबत किंवा संरक्षणाची गरज असलेल्या प्रौढांसोबत ‘रेग्युलेटेड रोल’ करणाऱ्याला १ एप्रिल २०२५ पासून पीव्हीजी (प्रोटेक्टिंग व्हल्नरेबल ग्रुप्स) स्कीमचं सदस्यत्व सक्तीचं आहे, स्वयंरोजगार असला तरी. जुन्या कामकऱ्यांना दिलेली सवलतही त्या वर्षीच्या ३० जूनला संपली. इथे डीबीएस नसताना शिकवणी घेणं हा गुन्हा नाही, तिथे पीव्हीजी नसताना घेणं हा आहे. तेव्हा पुढच्या वर्षी सामानाचा ट्रक ठरवाल, त्याच आठवड्यात पीव्हीजीचा अर्ज टाका आणि ते हातात येईपर्यंत नव्या गावात एकाही मुलाची शिकवणी धरू नका.